माटोळीची हजेरी

तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशीच्या, संध्याकाळी आमच्या पेडण्यातल्या घरात कुणी खाली बघून चालत नाही. सगळ्यांच्या माना वर असतात. मधल्या दालनात गणपतीच्या जागेवर लाकडी चौकट आढ्याला टांगलेली असते. दोघे स्टुलावर, एक शिडीवर आणि बाकी सगळे खाली उभे राहून सूचना करणारे. ‘नारळ त्या टोकाला बांध, चौकट कलली.’ ‘शिपटें मधी घे.’ ‘चिबूड सुटेल रे, दोन वेढे घाल.’ केवणीच्या सालीचे दोर पाण्यात भिजत घातलेले असतात. मुलं एकेक दोर उचलून वर देतात आणि त्या दोराच्या टोकाला घरावर पावसाळाच चढत जातो. हिरवी सुपारी, पिवळे आंबाडे, जाड सालीचं तोरिंजन, कांगल्यांचे घोस, माट्टीची फळं, घागऱ्यांच्या खुळखुळणाऱ्या शेंगा. रात्री उशिरा काम संपतं, दिवा लावला जातो आणि ओल्या रानाचा वास घरभर पसरतो. गणपती अजून यायचा असतो. पण चवथ आली, हे आम्हाला त्या वासानेच कळतं.

ही माटोळी. माटव म्हणजे मांडव, आणि माटोळी म्हणजे देवाच्या डोक्यावरचा छोटा मांडव. शेजारच्या सिंधुदुर्गात हिला माटवी म्हणतात. बांबूची किंवा लाकडी रिपांची चौकट करायची आणि भाद्रपदात आपल्या परिसरात जे जे फळलं, फुललं, पिकलं ते तिला बांधायचं, इतकीच तिची कृती. सोनं नाही, जर नाही, रोषणाईही नाही. अंगणापासून डोंगरापर्यंत एक फेरी मारली की आरास तयार, असा तिचा साधा हिशेब होता.

‘होता’ लिहिताना हात थबकतो, म्हणूनच हे आवाहन लिहितो आहे. माटोळी आपल्या डोळ्यांदेखत घराघरांतून विरळ होत चालली आहे. ती वाचवायची असेल तर या श्रावणापासून कामाला लागावं लागेल.

माटोळीकडे आपण शोभा म्हणून पाहतो. मी तिच्याकडे हजेरीपट म्हणून पाहायला शिकलो, ते आजीमुळे. चौकट बांधून झाली की ती खाली पाटावर बसायची आणि वर पाहत एकेक नाव घ्यायची. कांगले आले. घोटिंग आलं. नागूलकुडा आला. कवंडळ आलं. मग थांबून विचारायची, ‘अमकं दिसत नाय तें?’ एखादं फळ राहिलं असेल तर कुणीतरी कंदील घेऊन परसात धावायचं. गावच्या मातीत जे रुजतं त्याची ती वर्षातून एकदा घेतलेली हजेरी होती. कोण आलं, कोण आलं नाही, कोण यंदा उशिरा फळलं, हे घरातल्या लहानातल्या लहान पोरालाही त्या रात्री कळायचं.

ही नावं नीट ऐकली तर गावाची जमीनच समोर उभी राहते. सुपारीचं शिपटें, केळीचा घड, निरफणस, तोरिंजन, हळदीची पानं ही कुळागरातली. दोडकी, तवशें, चिबूड, पडवळ, भेंडी ही पावसाळी मळ्यातली. नव्या भाताची कणसं शेतातली. कांगले, माट्टी, घोटिंग, कुडा, शेरवडाची पांढरी पानं ही डोंगर-उतारावरच्या रानातली. घागऱ्या आणि तेरडा सड्यावरचे. वाघाच्या नख्यांसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी कुंपणाच्या वईवरची. आणि हे सगळं एकत्र बांधणारा दोर तोही रानातलाच, केवणीच्या सालीचा. यातली एक जागा गेली की चौकटीचा एक कोपरा रिकामा होतो. म्हणून माटोळी सुनी दिसली तर आधी गावात काय गेलं ते शोधायला हवं.

त्या चौकटीवर औषधाचं कपाटही टांगलेलं असतं. कुड्याची साल आवेवर देतात, हे आपल्या आजीबाईंना आयुर्वेदाचा ग्रंथ न वाचता ठाऊक होतं. घोटिंग म्हणजे बेहडा, त्रिफळ्यातला एक. कांगले म्हणजे मालकांगोणी, तिच्या बियांचं तेल सांधेदुखीवर चोळतात. कळलावी विषारी आणि कवंडळही तोंडात घालण्याजोगं नाही. ती दोन्ही टांगताना मोठी माणसं मुलांना बजावत, ‘हें खावंक न्हय.’ उपयोगाचं कोणतं आणि जपून राहायचं कशापासून, या दोन्ही गोष्टी एकाच रात्री मान वर करून शिकवल्या जात. असा वनस्पतींचा वर्ग दुसऱ्या कुठल्या सणात भरत असेल असं मला वाटत नाही.

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांवर माझा विशेष भर आहे, त्याला कारण आहे. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देस आणि साष्टीत, पोर्तुगीज अंमल सोळाव्या शतकातच घट्ट झाला. १५६० मध्ये आलेलं इन्क्विझिशन १८१२ पर्यंत राहिलं. १७३६ च्या फर्मानाने तर घराभोवतीची तुळससुद्धा गुन्ह्याच्या यादीत टाकली. मूर्ती पुजणं जोखमीचं झालं तेव्हा काही घराण्यांनी कागदावरच्या चित्राला आणि पत्रीला गणपती मानून पुजलं, आणि ती प्रथा आजही ती घराणी सांभाळतात. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे मुलूख मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले. पेडणे तर १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतं. त्यामुळे इथली देवळं, इथली देवराई, इथली मराठी आणि इथली माटोळी सलग राहिली. ज्या काळात शेजारच्या महालांत एक पान पुजायला धैर्य लागत होतं, त्या काळात आमच्या वाडवडिलांनी अख्खं रान उघडपणे देवाच्या डोक्यावर टांगलं. ती सलगता आमच्या पिढीत तुटली तर त्याचा दोष कुठल्या फर्मानाला देता येणार नाही.

काय तुटतं आहे, ते आता स्पष्ट बोलू.

पहिली गोष्ट प्लास्टिकची. चवथीच्या आठवड्यात कुठल्याही बाजारात जा. प्लास्टिकचे आंबे, प्लास्टिकची द्राक्षं, प्लास्टिकची सुपारी आणि सफरचंदं यांच्या तयार माळा टांगलेल्या दिसतील. घेणाऱ्याची अडचण मला कळते. नवरा-बायको दोघं नोकरीला, म्हातारी माणसं थकलेली, डोंगरावर जायला सवड नाही. एकदा घेतलं की दहा वर्षं धुऊन वापरता येतं. पण दरवर्षी तीच फळं दिसणारी माटोळी कुणाची हजेरी घेणार? तिच्यात ना यंदाचा पाऊस दिसतो, ना यंदाचं पीक. गणपतीची मूर्ती मातीची असावी म्हणून आपण आग्रह धरला, गोव्यात पीओपीच्या मूर्तींवर बंदी आली, मयेच्या चित्रशाळांतली चिकणमाती त्यामुळे टिकली. मूर्ती मातीची आणि तिच्या डोक्यावर मात्र प्लास्टिकचं रान, ही विसंगती आपल्याला खटकायला हवी.

दुसरी गोष्ट जमिनीची. डिचोली तालुक्याने लोहखनिजाची किंमत डोंगरांनी मोजली आहे. शिरगाव, मुळगाव, मये, लामगाव, पिळगाव या गावांतल्या लोकांना ते सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने लिलाव सुरू झाले तेव्हा पहिल्याच यादीत डिचोलीचा गट होता. खाण हवी की नको हा वाद मोठा आहे आणि तो त्याच्या जागी लढला जाईलच. माझं म्हणणं एवढंच, की ज्या उतारावरून कांगले येत होते तो उतार उरला नाही तर कांगले बाजारातही येणार नाहीत. पेडण्यात मोपाच्या सड्यावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. महामार्ग रुंद झाला. सड्यांकडे आता पडीक जमीन म्हणून पाहिलं जातं, कारण उन्हाळ्यात तिथे नुसता जांभा दगड दिसतो. पण त्याच जांभ्यावर चार महिने तेरडा, घागऱ्या आणि नाना तऱ्हेची फुलं उभी राहतात. सडा पडीक नसतो, तो पावसाची वाट पाहत असतो.

तिसरी गोष्ट ज्ञानाची, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच आहे. रान उरलं आणि ओळखणारा उरला नाही तरी माटोळी संपतेच. चवथीच्या आधीचे दोन-तीन दिवस डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे, म्हापसा इथे माटोळीचा बाजार भरतो. रस्त्याकडेला गोणपाटावर ओल्या फळांचे ढीग मांडून बसलेल्या असतात त्या आतल्या गावांतल्या बायका. काही सत्तरीच्या, काही दोडामार्गकडच्या. कुठल्या डगरीवर काय मिळतं, कोणती वेल कोणत्या झाडावर चढते, हे त्यांच्या पायांना ठाऊक असतं. त्यांच्या पाठीमागे नव्या पिढीतलं कुणी बसलेलं आहे का, ते या वर्षी नीट पाहा. बहुतेक गोणपाटांमागे पिकलेले केसच दिसतात.

केरळकडे पाहा. ओणमच्या पुक्कळमसाठी, म्हणजे फुलांच्या रांगोळीसाठी, एकेकाळी घरातली मुलं बांधावरून तुंब्यासारखी रानफुलं वेचून आणायची. आता तिथला मोठा फुलबाजार तामिळनाडू आणि कर्नाटकातून ट्रकने येणाऱ्या झेंडूवर चालतो. पुक्कळम आजही घातलं जातं, देखणं असतं. पण बांधावरच्या फुलाशी मुलाची ओळख तुटली. आपल्याकडची ओळख अजून तुटलेली नाही, ताणली गेली आहे. म्हणून वेळ आजची आहे.

एक गोष्ट आपल्याच लोकांना, प्रेमाने पण ठामपणे सांगायची आहे. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळी स्पर्धा भरवतं. या स्पर्धेने माटोळीला मान दिला, विस्मृतीत जाणारी नावं पुन्हा लोकांच्या तोंडी आणली, हे मान्य केलंच पाहिजे. काही घरांत शेकडो प्रकार बांधले जातात. पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. पण आकडा वाढवण्याच्या भरात दुर्मीळ वेली मुळासकट उपटल्या गेल्या, फळांचे सगळेच्या सगळे घोस उतरवले गेले, तर पुढच्या वर्षी हजेरीला येणार कोण? आमची आजी रानात हात घालण्याआधी एक वाक्य म्हणायची, ‘अर्दें रानाक दवर.’ अर्धं रानाला ठेव. पक्ष्यांना, वानरांना, आणि बीज पडून पुन्हा उगवायला. तो नियम मोडून बांधलेली माटोळी कितीही भरगच्च असली तरी ती पुढच्या वर्षाच्या माटोळीतून काढलेली असते.

मग करायचं काय? मी पाच गोष्टी मागतो. पाचही आपल्या हातातल्या आहेत.

पहिली, घरोघरी वही सुरू करा. एक साधी वही. या वर्षी माटोळीला काय काय बांधलं, त्याचं गावातलं नाव काय, कुठून आणलं, घरातल्या कुणी ओळखलं, त्याचा उपयोग काय. पाच-सात वर्षांची वही झाली की तुमच्याच वाड्यावरून काय नाहीसं झालं ते तुम्हाला कळेल. लिहायचं काम मुलांना द्या, सांगायचं आजीला. नाव बोलीतलंच लिहा. पेडण्यात एक आणि डिचोलीत दुसरं नाव असेल तर दोन्ही लिहा.

दुसरी, लावा. पोफळ, केळ, तोरिंजन, आंबाडा, निरफणस हे ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी लावायचे. परसाच्या वईला केवण, कुडा, शेरवड ठेवायची. झुडपं साफ करायला माणूस लावाल तेव्हा त्याच्यासोबत स्वतः उभे राहा आणि काय तोडायचं नाही ते दाखवा. वई काढून सिमेंटची भिंत घालताना तिच्यावर कळलावी होती का, एवढं एकदा बघा. वाड्यातल्या दहा घरांनी प्रत्येकी दोन वेगळी झाडं राखली तरी वीस फळांची सोय वाड्यातच होते, आणि एकमेकांकडे मागायला जाण्याची जुनी रीत पुन्हा सुरू होते.

तिसरी, बाजारातून घ्याल तर ओळख करून घ्या. माटोळीचा बाजार वाचवणं म्हणजे त्या गोणपाटांमागे बसणाऱ्या बायकांचं दोन-तीन दिवसांचं उत्पन्न आणि आयुष्यभराचं ज्ञान वाचवणं. सफरचंदाला मागेल तो दर देऊन रानफळाच्या जुडीवर घासाघीस करू नका. फळ हातात घेऊन विचारा, ‘आये, ह्याका काय म्हणतात? खंय मेळता?’ त्यांना सांगायला आवडतं. पालिका आणि पंचायतींनी या दोन-तीन दिवसांसाठी त्यांना पावसापासून आडोसा आणि हक्काची जागा द्यावी. फटाक्यांच्या आणि विजेच्या माळांच्या दुकानांच्या रेट्यात त्या रस्त्याच्या कडेला ढकलल्या जाऊ नयेत.

चौथी, पंचायतीत बोला. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने गावातल्या वनस्पती-प्राण्यांची व त्यांच्याशी जोडलेल्या लोकज्ञानाची नोंदवही ठेवायला हवी. पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, ‘आपल्या गावच्या नोंदवहीत माटोळीची झाडं आहेत का?’ नसतील तर घरच्या वह्या नेऊन द्या. सड्यावर, देवराईत, डोंगर-उतारावर उद्या कसला प्रकल्प आला तर ‘इथे काही नाही’ असं कुणाला लिहिता येऊ नये, यासाठी हा कागद लागतो.

पाचवी, स्पर्धेचे गुण बदला. संचालनालयाला माझी नम्र विनंती आहे. प्रकार किती, याला काही गुण ठेवा. पण घरातल्या मुलांना त्यातली किती नावं आणि उपयोग सांगता येतात, याला अधिक गुण द्या. किती वस्तू स्वतःच्या गावातल्या, याला गुण द्या. मुळासकट काढलेलं काही असेल तर गुण कापा. आणि माटोळीतलं एखादं दुर्मीळ झाड ज्यांनी परसात वाढवलं त्यांना वेगळं बक्षीस द्या. शाळांनाही हेच सांगणं आहे. चवथीच्या सुटीआधीचा एक तास माटोळीला द्या, मुलांना पाठ्यपुस्तकातल्या झाडांआधी मळ्यातली दाखवा.

मुंबईत, पुण्यात, पर्वरीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना वाटेल, आम्ही काय करणार? चवथीला तुम्ही पेडण्याच्या, थिविमच्या स्टेशनावर उतरता, मूळ घरी येता, तेव्हा गणपतीच्या आदल्या रात्री नको, दोन दिवस आधी या. मुलांना काकांबरोबर रानात पाठवा. पाय चिखलाने भरू द्या. आणि शहरातल्या घरी सण करत असाल तर छताला मोठी चौकट नको. दारावर हातभर काठी, तिला नारळ, सुपारी, आंब्याची डहाळी, भाताचं कणीस आणि आपल्या गावचं एक तरी रानफळ. पाच गोष्टी. पण पाचही खऱ्या.

आणि हे केवळ हिंदू घरांपुरतं नाही. २४ जूनला सांजावाच्या दिवशी आमचे ख्रिस्ती शेजारी पानाफुलांचं कोपेल डोक्यावर घालून विहिरीत उड्या घेतात. ऑगस्टमध्ये नव्या भाताचं कणीस वाजतगाजत चर्चमध्ये जातं. त्याच कणसाला आम्ही चवथीत नवें म्हणून दाराला बांधतो. कोपेल, कणीस आणि माटोळी एकाच मातीत उगवतात. ती राखायला सगळ्या गोवेकरांनी एकत्र उभं राहायला हवं.

लोक बोलले की काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडे आहे. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन नारळाला झाडांच्या यादीतून वगळलं गेलं. गोव्यातला माणूस गप्प बसला नाही. माडाला झाड म्हणत नाहीत तर काय म्हणायचं, असा प्रश्न बाजारापासून विधानसभेपर्यंत गेला, आणि २०१७ मध्ये माड पुन्हा झाडांच्या यादीत आला. माडासाठी जे केलं ते कांगल्यासाठी, कुड्यासाठी, सड्यावरच्या घागऱ्यांसाठीही करता येईल.

आमच्या घरची ती चौकट अजून आढ्याला आहे. वर्षभर रिकामी असते, तिच्यावर धूळ बसते, कधी चिमणी येऊन बसते. आजी गेली तेव्हापासून तयेच्या रात्री पाटावर कोण बसणार हा प्रश्न होता. गेल्या चवथीला माझ्या धाकट्या पुतणीने वही घेतली आणि पाटावर बसली. वर पाहत एकेक नाव लिहू लागली. कांगले. घोटिंग. तोरिंजन. मधेच थांबून तिने विचारलं, ‘काका, आजी म्हणायची ती कवंडळं यंदा नाहीत?’

नव्हती. आम्ही विसरलो नव्हतो, ज्या कुंपणावर ती वेल चढायची ते कुंपण त्या उन्हाळ्यात काढलं गेलं होतं. तिने वहीत कवंडळाचं नाव लिहिलं आणि पुढे ‘गैरहजर’ असं लिहिलं. या पावसाळ्यात आम्ही तिच्यासाठी, आमच्यासाठी, परसाच्या कडेला कवंडळाच्या बिया टाकल्या आहेत. तुमच्या घरच्या माटोळीत यंदा कोण गैरहजर आहे, ते शोधा. आणि पुढच्या चवथीला त्याचं नाव घेता येईल असं काहीतरी या श्रावणातच करा.